कुठलं कार्ड कशाला? (बागायतदार, होमस्टेवाले, बोटवाले, सगळ्यांनी लिहा)

गडग्यावरचा

आमच्या गावात परवा एका बँकेने मेळावा घेतला आणि 'व्यावसायिकांसाठी खास क्रेडिट कार्ड' म्हणून फॉर्म वाटले. मंडपात बसलेले सगळे आंबा-काजूवाले, दोनतीन होमस्टेवाले, एक बर्फाच्या कारखान्याचा मालक. कार्ड खपवायला आलेला मुलगा विमानतळावरच्या लाउंजबद्दल बोलत होता. इथे मुक्कामाची एसटी वेळेवर आली तरी लोक ड्रायव्हरला चहा पाजतात! असो. मेळावा आटपल्यावर जो तो गाठून एकच विचारत होता, "घेऊ का रे?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

माझं म्हणणं एवढंच आहे की पॉइंट, कॅशबॅक, सोनेरी रंग हे सगळं मागाहून. आधी बघायचं, आपला खर्च कधी होतो आणि पैसा कधी सुटतो. कोकणात प्रत्येक धंद्याचं पंचांग वेगळं. हापूसवाल्याचा खर्च कल्टार (मोहोर लवकर यावा म्हणून झाडाला घालायचं औषध) घातल्यापासून सुरू होतो, मोहोर आला की फवारण्या, मग राखण, मग पेट्या आणि गवत. पैसा येतो मार्च ते मे. होमस्टेवाल्याला दिवाळी, नाताळ आणि मे महिना. बोटवाल्याला रोजचा लिलाव, पण जून-जुलै बंदी. आता यात क्रेडिट कार्डाची ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत कुणाच्या कामाची, ते आपलं आपणच ठरवा.

डेबिट कार्डात गुंतागुंत नाही. आपलेच पैसे, लगेच गेले. फक्त बचत खात्याचं आणि चालू खात्याचं वेगळं ठेवा. घरचा किराणा आणि खोल्यांच्या चादरी एकाच खात्यातून गेल्या की मार्चमध्ये पासबुक घेऊन बसायची वेळ येते. आणि जनधन खात्याचं रुपे कार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते कपाटात आईच्या पातळाखाली ठेवू नका. त्याला अपघात विमा आहे, २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना २ लाखांचा, पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्डाचा एक तरी व्यवहार झालेला असावा लागतो. आमच्या वाडीत निम्म्या लोकांना हे माहीत नाही. माडावर चढणारे, बोटीवर जाणारे, सगळ्यांनी दोन महिन्यांतून एकदा शंभर रुपये तरी काढावेत.

किसान क्रेडिट कार्डाला नाव क्रेडिट कार्डाचं, पण जात वेगळी. १९९८ पासूनची योजना. आतमध्ये ते पीककर्जाचं खातं असतं, त्यावर रुपे कार्ड मिळतं. जेवढे उचलले तेवढ्यावरच व्याज, ७ टक्के, आणि वर्षाच्या आत वेळेवर फेडलं तर ३ टक्के सवलत, म्हणजे हाती पडतं ४ टक्क्यांनी. ही व्याजाची सवलत ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला होती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ती ५ लाखांपर्यंत नेण्याची घोषणा झाली, तुमच्या शाखेत काय चाललंय ते विचारून घ्या.

आता हिशेब. फवारणीला नोव्हेंबरात ६०,००० गेले आणि एप्रिलमध्ये पेट्यांचे पैसे आले, असं धरा. पाच महिने. किसान कार्डावर ४ टक्क्यांनी व्याज झालं १,००० रुपये. हेच क्रेडिट कार्डावर घासले आणि एप्रिलपर्यंत ओढत नेले, तर बऱ्याच कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे ढोबळमानाने १०,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १२,३९०. मधे किमान रकमा भरत गेलात तर थोडं कमी. पण पूर्ण बिल भरलं नाही तर बिनव्याजी मुदतच उडते, आणि खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं, नव्या खरेदीलासुद्धा. हे त्या मुलाने मंडपात सांगितलं नाही.

म्हणून आंब्याचा खर्च क्रेडिट कार्डावर नको, माझं मत. होमस्टेच्या किरकोळ खरेदीला, पुढच्या महिन्यात नक्की पैसे येणार असतील तर, हरकत नाही.

चाकरमानी_डोंबिवली

धागा चांगला, पण क्रेडिट कार्डाला फारच झोडपलंत. मी गेली कितीतरी वर्षं वापरतोय, एक रुपया व्याज दिलेलं नाही. बिल आलं की पूर्ण भरायचं, खात्यातून आपोआप वळतं करायची सूचना देऊन ठेवायची. गणपतीच्या रेल्वे तिकिटापासून घरच्या फ्रिजपर्यंत सगळं कार्डावर. गावच्या घराचं विजेचं बिलसुद्धा. बाबांना माझ्याच खात्यावरचं जोडकार्ड दिलंय, त्यावर वेगळी मर्यादा ठेवली आहे. ते खर्च करतात, मला मेसेज येतो. भांडण झालं तर यावरूनच होतं, पण ते वेगळं.

गडग्यावरचा

दादा, तुमचा पगार १ तारखेला येतो. माझा मोहोर कधी येतो ते सांगता येत नाही आणि आला तरी अवकाळीने राहील का ते सांगता येत नाही. तुमच्यासाठी ते कार्ड उत्तमच आहे, मी कुठे नाही म्हटलं? जोडकार्डाचं मात्र लक्षात असू द्या, बाबांनी काहीही घेतलं तरी देणं तुमच्या नावावर.

सुरंगी

घेणाऱ्यांचं झालं, आता देणाऱ्यांचं... म्हणजे कार्ड घासायचं मशीन ठेवणाऱ्यांचं ऐका.

आमच्या चार खोल्या आहेत, गुहागरच्या बाजूला. मे महिन्यात एका कुटुंबाचं बिल झालं १८,०००. त्यांनी क्रेडिट कार्ड दिलं. माझ्या मशीनचा दर २ टक्के, म्हणजे ३६० गेले, त्यावर जीएसटी ६४.८०. बसले ४२४ रुपये ८० पैसे. एवढ्यात मी चार माणसांना सोलकढीसकट जेवू घालते. हेच त्यांनी रुपे डेबिट कार्ड दिलं असतं तर शून्य. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआयवर दुकानदाराकडून काही कापत नाहीत. दुसऱ्या कंपन्यांच्या डेबिट कार्डांना, उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर ०.४० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, म्हणजे १८,००० ला ७२ रुपये. क्रेडिट कार्डाच्या दराला अशी सरकारी मर्यादाच नाही, जो तो करारात घालेल तो. कंपनीच्या नावाची कार्डं आणि परदेशी कार्डं तर बहुतेक आणखी महाग.

आता तुम्ही म्हणाल पाहुण्यांकडून वरचे २ टक्के मागा. मी मागत नाही. डेबिट कार्डाला तर तसं मागायला रिझर्व्ह बँकेचीच मनाई आहे, आणि क्रेडिटला मागितलं तर पाहुणा तोंड वाकडं करून जातो आणि खाली तारे कमी देतो. मी भाडं ठरवतानाच ते धरते.

रेंजचं तर विचारूच नका. मशीन घरात चालत नाही. पाहुण्याला घेऊन विहिरीच्या पलीकडे जायचं, गडग्यावर उभं राहायचं, मशीन डोक्याच्या वर धरायचं, मग तो पिन टाकणार आणि मी दुसरीकडे बघणार. एकदा पैसे त्यांच्या खात्यातून गेले आणि मशीनवर पावती नाही. त्यांची गाडी पुण्याला निघालेली. कुणाला काय सांगायचं?

निवृत्त_रोखपाल

सुरंगीताई, त्याला नियम आहे. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराकडे मंजुरी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत बँकेने ते आपोआप परत करायचे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, ग्राहकाने न मागता. सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून गेल्या, त्यालाही हेच. तेव्हा पाहुण्याला घाबरवू नका. दुसऱ्या मार्गाने पैसे घ्या आणि पहिले परत येतील म्हणून सांगा.

बाकी धाग्यात थोडी भर घालतो.

किसान कार्डाची मर्यादा पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं त्या ठरलेल्या रकमेवरून ठरते. पण मूळ रकमेवर १० टक्के काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी, आणि २० टक्के शेतीच्या अवजारांच्या, पंपांच्या देखभालीसाठी जास्तीचे धरतात. हे शाखेत विचारलं नाहीत तर कुणी स्वतःहून सांगेलच असं नाही. खातं पाच वर्षांचं असतं, दर वर्षी आढावा. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, वेळेत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर राहिलेलं व्याजही सुटतं. गडग्यावरच्यांनी लिहिलेले १,००० रुपयेसुद्धा वाचू शकतात.

साध्या कॅश क्रेडिट खात्यावर (धंद्यासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल देणारं खातं) किंवा कर्जखात्यावर मात्र बँक डेबिट कार्ड देत नाही, तशी मनाई आहे. किसान कार्ड त्याला अपवाद. मला काउंटरवर व्यापाऱ्यांनी यावरून खूप ऐकवलं आहे.

'व्यावसायिक क्रेडिट कार्ड' या नावाला भुलू नका. धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, म्हणजे मालकी हक्काचा, तर कार्डाचं देणं तुमचं वैयक्तिकच. कंपनी असेल आणि करारात तसं लिहिलं असेल तरच ते कंपनीवर पडतं. सही करण्याआधी तो एक परिच्छेद वाचा. फायदा आहे तो हिशेब वेगळा राहण्याचा, आणि नोकरमाणसांना मर्यादा घालून वेगवेगळी कार्डं देता येतात त्याचा. मेळाव्यात फॉर्म भरलात आणि नंतर नको वाटलं तर बंद करायला सांगा. बाकी नसेल तर ७ कामाच्या दिवसांत बंद करायचं बंधन आहे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेला.

तांडेल

रोखपाल काकानू, ह्या सगळा आंबेवाल्यांचा झाला. आमचा काय?

मराठीत लिहितो, नाहीतर डोंबिवलीकर म्हणतील समजत नाही. आमची बोट देवगडला. डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांची उचल, एवढं सगळं बोट सुटायच्या आधी लागतं. मच्छी आली की लिलाव, पैसे त्या दिवशी नाहीतर आठवड्यात. म्हणजे गडग्यावरच्यांच्या पंचांगाने बघितलं तर मला ५० दिवसांचं कार्ड बसतं. पण वारा सुटला, बोटी बंदरात अडकल्या की तोच महिना कोरडा. आणि जून-जुलैत बिल आलं तर कुठून भरायचं? जाळी तर त्याच महिन्यांत दुरुस्त करतात.

दुसरं, डिझेल भरायला माणूस पाठवतो. आधी त्याच्याकडे माझं एटीएम कार्ड आणि पिन दोन्ही असायचं. आता ते बंद केलंय.

निवृत्त_रोखपाल

मच्छीमारांनाही किसान कार्ड आहे, २०१८-१९ पासून. डिझेल, बर्फ, मजुरी, जाळ्यांची दुरुस्ती अशा खेळत्या भांडवलाला. कोरड्या दोन महिन्यांसाठी तेच बरं. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती आणि जोडधंद्याच्या कर्जाला तारण मागायचं नाही. आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती.

पिन देणं बंद केलंत हे फार चांगलं. त्या कामाला दोन कार्डं आहेत. एक प्रीपेड. आधी पैसे भरायचे, तेवढेच खर्च होतात. पूर्ण केवायसी असेल तर २ लाखांपर्यंत ठेवता येतात. भेटकार्ड मात्र निराळं, ते १०,००० पर्यंत, पुन्हा भरता येत नाही, रोख निघत नाही. दुसरं म्हणजे तेल कंपन्यांचं फ्लीट कार्ड: इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, हिंदुस्तान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस. आंब्याचा ट्रक वाशीला पाठवणाऱ्यांना उपयोगी. गाडीगणिक मर्यादा घालता येते आणि कुठल्या पंपावर किती भरलं ते कळतं. चालतं फक्त त्याच कंपनीच्या पंपांवर.

हिशेबनीस_चिपळूण

दोन गोष्टी, कारण मार्चमध्ये माझ्याच डोक्यावर येतात.

धंद्याच्या खर्चात एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिलं तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. ट्रकभाड्याला ही मर्यादा ३५,००० आहे. थेट शेतकऱ्याकडून माल किंवा मच्छीमाराकडून मच्छी घेतली तर सूट आहे, दलालाकडून घेतली तर नाही. म्हणून गाद्या, फ्रिज, सौरपंप यांचं पेमेंट कार्डाने किंवा खात्यातून करा. पण कार्डाची चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे! लोक मला पिशवीभर चिठ्ठ्या आणून देतात, त्यावरची शाई उन्हाळ्यात उडालेली असते. जीएसटी क्रमांकासह पक्कं बिल घ्या.

दुसरं, अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत छोट्या धंद्याला रोख जमेवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून किंवा कार्डाने आलेल्या जमेवर ६ टक्के. सुरंगीताई, तुमच्या ४२४ रुपयांतले थोडे इकडे परत येतात असं समजा. आणि एका वर्षात क्रेडिट कार्डाची बिलं १० लाखांवर भरली तर बँक ते आयकर खात्याला कळवते, रोखीने असतील तर १ लाखालाच. मित्रांसाठी कार्ड घासून पॉइंट गोळा करणाऱ्यांनी हे वाचावं.

खाडीपलीकडे

माझा एक भाबडा प्रश्न. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलंय. किराणा दुकानात चाललं, पण बाजारात मच्छीवालीच्या क्यूआरवर चालत नाही. ती म्हणते तुमच्या कार्डात खोट आहे.

गडग्यावरचा

खोट कार्डात नाही. तिचा क्यूआर तिच्या खासगी खात्याचा असणार. क्रेडिट कार्डाचे पैसे यूपीआयने फक्त दुकानदार म्हणून नोंदलेल्या क्यूआरवर जातात, माणसाकडून माणसाला नाही. २०२२ ला ही सोय आली तेव्हापासून असंच आहे. छोट्या दुकानदाराला २,००० पर्यंत काही कापत नाहीत, त्यावर कापतात. बोंबील, बांगड्याला तुमचं डेबिटच बरं. नाहीतर नोटा. 'निसर्ग' वादळानंतर (जून २०२०) दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती, टॉवर पडलेले. तेव्हा कुठलंच कार्ड पत्रे आणायला उपयोगी पडलं नाही. आमच्या घरी अजूनही तांदळाच्या डब्यात थोडी रोकड असते.

सुरंगी

होमस्टेवाल्यांसाठी एक. "मी सैन्यात आहे, दहा जणांचं बुकिंग, आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असा फोन आला की ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आमच्या गावात दोघांची खाती धुतली गेली.

निवृत्त_रोखपाल

असं झालं तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन आणि बँकेला कळवणं. २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, बाहेरच्या कुणी कार्डाचा गैरवापर केला, आणि ३ कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काही पडत नाही. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

आणि ॲपमध्ये जाऊन कार्डाचे परदेशी व्यवहार बंद ठेवा, ऑनलाइन लागेल तेव्हाच चालू करा. न टोचता नुसतं टेकवून चालणारं असेल तर ५,००० पर्यंत पिनशिवाय जातात, तेही बंद करता येतं.

तांडेल

काका, कार्डासाठी कागद काय काय लागतात?

निवृत्त_रोखपाल

एक पानी अर्ज, आधार, पॅन, फोटो. तुम्हाला बोटीचं नोंदणीपत्र आणि मासेमारी परवाना. बागायतदारांना सातबारा आणि आठ-अ. ३ लाखांपर्यंत प्रक्रिया शुल्क माफ आहे, कुणी मागितलं तर पावती मागा.

गडग्यावरचा

आणि इथेच आमचं घोडं अडतं. सातबारावर सतरा नावं, त्यातली अकरा मुंबईत, दोघांचा पत्ताच नाही. शाखेत गेलं की सगळ्यांची संमती आणा म्हणतात. त्यामुळे ४ टक्क्यांचं कार्ड राहतं बाजूला आणि माणूस मेळाव्यातला फॉर्म भरतो. आमच्या वाडीत तरी कारण हेच आहे, हौस नाही.

चाकरमानी_डोंबिवली

माझ्या काकांचंही हेच. आम्ही गेल्या वर्षी चुलत भावंडांनी संमतीपत्र करून दिलं, वहिवाट त्यांची आहे ती त्यांचीच राहू दे म्हणून. बँकेने चालवून घेतलं. मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गडग्यावरचा

व्यनि केलाय. गणपतीला आमचे सगळे येतील, तेव्हाच सह्या घ्यायचा विचार आहे. नोटरी करावी लागली होती का, की साध्या कागदावर चाललं?

चाकरमानी_डोंबिवली

नोटरी लागली. आणि प्रत्येकाच्या आधारची प्रत. आरतीच्या आधी सह्या घ्या, नंतर सगळे पत्त्यांना बसतात.